ज्यांना अंगणात घेऊ नको म्हणालास

कांगजिन, घरूनच
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या तेग्योमला,

आजीचे पोटभर आशीर्वाद. जेवलास का? नूडल्स उकळून उभ्या उभ्या पातेल्यातूनच खाल्ले असशील, तर ते मी जेवणात धरत नाही. इकडे सगळं ठीक. थंडी पडल्यापासून डावा गुडघा कुरकुरतो, आणि त्याचं ऐकून उजवाही कुरकुरतो. कुत्रीला पिल्लं झालीत. त्यातलं एक थेट तुझ्यावर गेलंय. भूक लागली तरी आईकडे पाठ करून बसतं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी सांगतेय आणि दुसरं कुणी लिहितंय. कोण ते तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. न ओळखल्यासारखं कर आणि पुढे वाच.

"तो फाडून टाकेल, आजी," असं लिहिणारी म्हणते.

मी म्हटलं, "मग वाकडंतिकडं लिही."

"माझं वाकडंतिकडंही ओळखतो तो."

ओळखणारच. तळघरातल्या त्या ओलसर खोलीत तुम्ही दोघांनी कंपनी काढली, तेव्हा रेकॉर्डच्या खोक्यांवर पत्ते हिनेच लिहिले होते. हो, दानबीच. तुमच्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची नवी अध्यक्षबाई. तुला हरवून झालेली.

आता रागावून झालं असेल तर ऐक. तू सांगितलं होतंस, "आजी, यंदा त्या लोकांना अंगणात घ्यायचं नाही." मी "हं" म्हटलं होतं. म्हातारीचं "हं" म्हणजे होकार, असं तुला कुणी शिकवलं?

अरे, पण मी करणार काय होते? एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या वादकांसाठी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी दरवर्षी माझ्या अंगणात कोबीची किमची घालायची, हे खूळ तुझंच. उन्हाळा संपताना कोबीची रोपं लावायला लावलीस तीही तूच. मग शरदात निवडणूक झाली, तू उपाध्यक्षपदाचा राजीनामा फेकलास आणि इंचॉनला जाऊन दार लावून घेतलंस. कोबीला काय ठाऊक कोण हरलं? तो आपला भरत राहिला. रोज सकाळी मी शेतात जायची, तर सगळं शेत माझ्याकडे बघायचं.

मंगळवारी बघते तर फाटकाबाहेर दानबी उभी. हातात लाल रबरी मोजे.

"आजी, आत येऊ का?"

"अध्यक्ष म्हणून आलीस का?"

"अध्यक्षांना कुठे कोबी कापता येतो? मी दानबी म्हणून आलेय."

तिच्यामागे गाडीतून खजिनदार छेसाहेब उतरले, आणि त्यांच्यामागे बाकीचे. छेसाहेब तुला माहीतच आहेत. दरवर्षी कोबीचं एक पान नुकत्या पकडलेल्या माशासारखं उंच धरून फोटो काढून घ्यायचे, आणि मोजे धुऊन थेट उकडलेल्या डुकराच्या ताटाशी जाऊन बसायचे. मीही आपली केस विंचरून तयार झाले. म्हटलं, "फोटोवाला कुठाय?" तर यंदा आणलाच नाही. कापडी फलक नाही, नाव छापलेले एप्रनही नाहीत.

"दरवर्षी तेग्योम यावरूनच भांडायचा ना," दानबी म्हणाली. "की म्हाताऱ्यांच्या हातात डबा द्यायच्या आधी तोंडासमोर कॅमेरा धरता म्हणून."

माझे केस फुकट गेले. पण मला बरं वाटलं.

काम मात्र केलं हो सगळ्यांनी. खजिनदार कोबीला मीठ लावत होते ते असं चिमटीचिमटीने, जणू त्यांच्या खिशातून जातंय. मी ओरडले, "अहो, ते संघटनेचे पैसे नाहीत, मीठ आहे! सढळ हाताने घाला!" सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवशी कोबी धुतला, मुळा, तिखट आणि खारवलेली कोळंबी कालवून पानापानांत भरली. मला कुणी वाकू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ओट्यावर बसून नुसती नावं ठेवली. फार सुख असतं रे त्यात.

डबेही त्यांनीच घरोघर नेले. दारात ठेवून पळाले नाहीत, बसून जेवले. अकॉर्डियनवाल्या ब्युन आजोबांकडे मी बरोबर होते. त्यांनी विचारलं, "आमचा पोरगा कुठाय?" खजिनदार एकदम ताटातल्या भाताकडे बघायला लागले. दानबी म्हणाली, "त्याची खुर्ची तशीच आहे, आजोबा. दुसऱ्या कुणाला बसवलेलं नाही."

हे लिहायला ती तयार नव्हती. "हे नको, आजी. मी विनवतेय असं वाटेल त्याला."

मी म्हटलं, "पत्र माझं आहे. तू हात आहेस, हातासारखी वाग."

तुझी बाजू मी सोडली असं समजू नकोस. कोबी भरताना मी तिला समोर बसवून विचारलं, "निवडणुकीला उभी राहणार होतीस ते त्याला आधी का नाही सांगितलंस? एका ताटात जेवलेली तुम्ही." तिने हातातला कोबी भरून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याने माझ्यासाठी माघार घेतली असती, आजी. आणि मग जन्मभर ऐकवलं असतं." यावर मला हसू आलं, कारण अगदी तसंच झालं असतं. तरी मी म्हटलं, "न सांगणं चुकलंच तुझं." ती म्हणाली, "हो, चुकलं." आणि डोळ्याला हात नेला. तिखटाचा हात! पुढचा सगळा वेळ मी तिचे डोळेच धूत होते.

पोरा, तू हरलास तेव्हा तुला काय झालं असेल ते मला कळतं. पण तू फोन बंद केलास तेव्हा मला काय झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. फाटकाची कडी मी दोनदा काढली नि दोनदा लावली. वाटलं, हे कळलं की तू माझ्याकडे यायचंही बंद करशील. मग वाटलं, येतोय तरी कुठे? ही निदान आली. उन्हात बसून तिने माझी नखं कापली. तू जोडलेली माणसं तू नसतानाही माझ्या दारात आली, याचं मी काय करू सांग. तुझे आभार मानू की तुझा कान पिळू? दोन्ही करते. कान इथे आल्यावर.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. उद्या दानबीच गाडी हाकत तुझ्याकडे घेऊन येईल, तुझ्या वाटणीच्या डब्यासकट. हे ऐकून तिने पेन खाली ठेवलंय. उचल, म्हटलं. उचललं.

म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती तुझ्यासमोर जिन्यात उभी असेल. डबा मी काठोकाठ भरलाय, आणि तो खाली टेकवायचा नाही असं तिला बजावलंय. भांडायचं असेल तर पोटभर भांड. पण आधी तिच्या हातातलं ओझं घे.

दार धरून उभ्या असलेल्या तुला,
तुझी आजी