वहिनी बोलतेय

२० फेब्रुवारी १९८९, जळगाव
धुळ्याहून पत्र आलं. मुलींच्या वसतिगृहात गृहमाता पाहिजे, ११ मार्चला मुलाखत. अर्ज केला तेव्हा कोणाला बोलले नव्हते, मीनालाही नाही. आज पाकीट तिनेच फोडलं. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आईवर डोळे वटारते. "तू अर्ज केलास? तू?"
केला.
तुरीचा हंगाम. डाळ मिलमध्ये पाणी प्यायला सवड नाही. दिवसभर मन मात्र धुळ्यात.

२२ फेब्रु.
मीनाने तालीम घेतली. ती खुर्चीवर साहेब, मी समोर पत्र्याच्या डब्यावर.
"आपलं नाव?"
"वहिनी."
तोंडातून गेलंच. दोघी पोट धरून हसलो. मग मीनाने नाव पुन्हा विचारलं.
ह्यांना मिलमध्ये सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून मी वहिनी. हे कावीळ होऊन गेले, नानांनी ऑफिसात ह्यांच्याच खुर्चीवर मला हिशेबाला बसवलं, तेव्हापासून. मालक नाना, त्यांचा सुधाकर, हमाल, पोस्टमन, सगळ्यांची वहिनी. फोन उचलला की मीही तेच: "वहिनी बोलतेय."
शकुंतला. शकुंतला भास्कर पाटील. भाकऱ्या थापताना म्हणून पाहिलं. दुसऱ्याच कोणाचं वाटतं.

२६ फेब्रु.
मीनाचा आजचा प्रश्न: इतकी वर्षं एका ठिकाणी काढली, मग आता का सोडता? उत्तरही तिनेच लिहून आणलं, 'नव्या अनुभवांच्या शोधात'. म्हटलं, हे माझ्या तोंडून निघणार नाही.
"मग खरं काय ते सांग ना."
नाना वाईट नाहीत. मीनाला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात न्यायला गाडी त्यांचीच. पण रजा मागितली की "घरच्या माणसाला कसली रजा, वहिनी?" हुद्दा विचारला तर "घरच्या माणसाला कसला हुद्दा?" दिवाळीला कामगारांना बोनस, मला साडी. साडी चांगली असते. दरवर्षी फिकी. मला कोणता रंग आवडतो हे कोणी विचारलं नाही.

२ मार्च
निवडणीवरच्या सखूअक्काला सांगून टाकलं. अमळनेरकडची, अहिराणी बोलणारी. पोटात ठेवील. सूप खाली ठेवलं तिनं.
"जाय वं माय! बठ्ठी जिंदगी आठेच काढशी का?"
"सगळी जिंदगी इथेच नाही काढायची, अक्का. पण नाही म्हणाले तर?"
"नही म्हनतीन ते त्या म्हनतीन. तू आधीच काब्र म्हनस?"
खरंच, आधीच मी का म्हणू? मीनाच्या सगळ्या तालमींपेक्षा हे कामाचं.

४ मार्च
नानांना आज सांगितलं. चोरून जाणार नाही असं ठरवलंच होतं.
"अकरा तारखेला येणार नाही. धुळ्याला मुलाखत आहे."
"कोणाची?"
"माझी."
हसले. चष्मा पुसला. "कोणी दुखावलं का तुम्हाला?" नाही म्हटलं. "मग? भाऊ इथे आहेत, वहिनी. तुम्ही कुठे जाणार?" आणि माझ्या डोक्यावर टांगलेल्या ह्यांच्या फोटोकडे बोट. उठता उठता, "मिलमधल्या पोरांना सांगू नका. हसतील."
फोटो नानांनीच लावला होता. रोज सकाळी आधी त्याला फूल, मग बाकीचं काम. फोटोत हे माझ्याकडे पाहत नाहीत, दाराकडे पाहतात. इतक्या वर्षांत आज ध्यानात आलं.

७ मार्च
वाचनालयाचं पुस्तक परत केलं, नवं आणलं नाही. डोक्यात शिरत नाही काही.
मॅट्रिकची गुणपत्रिका शोधून काढली. लग्नानंतर बाहेरून परीक्षा दिली. तोवर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचे. फॉर्म ह्यांनीच आणला. "म्हातारपणी शाळा?" म्हणून हसणाऱ्यांना उत्तरंही ह्यांनीच दिली. निकाल पाहायला मात्र
पुरे.

११ मार्च, धुळ्याहून परत
गर्द निळी साडी नेसले. मीनाने कॉलेजच्या समारंभासाठी घेतलेली. स्टँडवर शेजारीण भेटली, वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहू दे.
आत तिघं. टोपीवाले अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक बाई. नाव विचारलं, बरोबर सांगितलं! मग तोच प्रश्न, का सोडता. म्हटलं, "तिथे मी वहिनी आहे. मला नोकरी करायची आहे."
मुख्याध्यापकांना कळलं नसावं. बाईंनी मान वर केली.
शेवटी, काही विचारायचं आहे का? म्हटलं, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी?
अध्यक्ष हसले. "गृहमाता म्हणजे आईच. आईला कुठे सुट्टी असते?"
अगदी नानांचा आवाज. टोपी तेवढी वेगळी.
"मुलींच्या आया त्यांच्या गावी आहेत, साहेब. त्यांची जागा मी घेणार नाही. मुली आजारी पडल्या तर रात्रभर बसेन. पण सुट्टी लागेल. आणि हुद्दा अधीक्षिका लिहिता आला तर बरं."
बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. चांगलं की वाईट, कळलं नाही. "कळवू," म्हणाल्या.
परतीच्या गाडीत वाटलं, जास्त बोलले का. पण बोलले ते बोलले.

१६ मार्च
काही नाही. अर्जात मिलचा फोन दिलाय, घंटी वाजली की आधी मीच धावते. नाना फार गोड बोलताहेत. चहा माझ्या टेबलावर आधी येतो.
मीना म्हणते, सुट्टीचं नंतर विचारायचं होतं. नंतर म्हणजे केव्हा?

२० मार्च
गोदामातून वर आले तर सुधाकर खुशीत. "वहिनी, गंमत ऐका. धुळ्याहून फोन होता. कोणी शकुंतला पाटील पाहिजे म्हणे. मी सांगितलं, इथे अशी कोणी नाही, राँग नंबर."
ह्याच्या मुंजीत मी लाडू वळले. ह्याच्या लग्नात करवलीच्या मागे उभी होते. खोटं बोलत नव्हता पोरगा. खरंच ठाऊक नव्हतं.
"काय म्हणाले ते?"
"काही नाही, ठेवला. बाईमाणूस होतं. का हो?"
"ती मीच, सुधाकरभाऊ."
तो आधी हसला. मग लाल झाला. "मला वाटलं... तुम्ही वहिनीच ना."
स्टूल ओढलं, वर चढले, फोटो काढला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा. नाना आतून आले. "अहो वहिनी, हे काय?"
"घरी नेते. घरचा माणूस घरीच बरा."
सखूअक्का दारातून पाहत होती, पदर तोंडाला लावून. हसत होती की काय कोण जाणे.
फोटो आता इथे, फडताळावर. इथूनही दाराकडेच पाहतात.
बाईंचा फोन हो म्हणायला होता की नाही म्हणायला, माहीत नाही. पुन्हा करतील याची वाट बघत बसणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने धुळ्याला जाते. नाही म्हणायचं असेल तर माझं नाव घेऊन, माझ्या तोंडावर म्हणा.
निळी साडी धुऊन वाळत घातली आहे.