‘घेशील का’ खरेदी विभागाकडे गेलं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा बरा असेल असं धरून चालतो (नसला, तर मी मजेत आहे असं तिला सांगू नका, चिडेल).

ज्या क्षणी मला भिंतीवर प्रिंटरच्या खाली चिकटवलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. कॉलेज अर्धवट सोडल्यावर तुम्ही मला ज्या गाद्यांच्या कारखान्यात चिकटवलंत, तिथे एक सल्लागार आलाय. आम्ही त्याला चौकोनसाहेब म्हणतो. आमचा धंदा आणि आमचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत, असा त्याने शोध लावला (मालक आणि मॅनेजरही बोलत नाहीत, पण ते त्याच्या कामात येत नाही). मग त्याने भिंतभर उतरंड काढली. माणूस, मशीन, काम, जो तो आपल्या चौकोनात. प्रत्येक चौकोनाला वर एकच बाप आणि बोलायचं ते फक्त बापाशी. सगळ्यात वर मालकांना स्वतःचा चौकोन दिसला, तेवढ्यावर त्यांना व्यवस्था पटली. माझा बाप प्रिंटर निघाला, कारण गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यातून छापून माझ्याकडे येतात.

आता शिवण विभागातली ती. मागे जिच्याबद्दल चार पानं लिहिली होती ना, तीच. पूर्वी गादी उसवल्याची तक्रार आली की मी थेट तिच्या टेबलाशी जायचो (काही गाद्या मीच उसवायचो). आता तिची फांदी वेगळी. मालकांपर्यंत चढायचं आणि पलीकडून उतरायचं. त्यात सोमवारपासून तिची बदली दुसऱ्या गावच्या कारखान्यात. माझं डोकंच सटकलं. कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावाने सरळ टाकलं, ‘संध्याकाळी चहा घेशील का?’ सुपरवायझरने न वाचता मंजूर केलं, मॅनेजरने न वाचता ‘तातडीचे’ केलं आणि मालकांकडून खाली उतरताना व्यवस्थेने त्याचे तुकडे पाडले. ‘चहा’ कॅंटीनला गेला, ‘संध्याकाळी’ दुसऱ्या पाळीच्या वॉचमनला, आणि ‘घेशील का’ अर्थातच खरेदी विभागाला. तिला काहीच नाही. कामाची वेळ संपताच खरेदीचे अण्णा केस विंचरून माझ्यापुढे हजर. “घेऊ की रे,” म्हणाले, “इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.” घेतला मग. दोन कप. वर चौकोनसाहेब मला म्हणतो, “काम शंभर टक्के पूर्ण दिसतंय, तुझं दुखणं काय?” मी काय उत्तर दिलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही आईला सांगा, आईने बाबांना सांगावं, बाबांनी ओळख काढून तिच्या काकांना, काकांनी तिच्या वडिलांना, आणि वडिलांनी तिला विचारावं की मी तिला कसा वाटतो. सोमवारच्या आत.

ता. क. २. वरचं वाचून पाहिलं. चौकोनसाहेबाने याहून कमी चौकोन काढले असते. कोणाला काही सांगू नका. समोरच्या शिवण विभागात तिने आत्ताच मशीन बंद केलंय. मीच विचारायला निघालोय. जाताना ऑफिसचं दार बाहेरून लावतो, नाहीतर मागून कोणीतरी मंजुरी घेऊन येईल.