राऊटर बिघडवल्याचा कबुलीजबाब

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम करतेस की नुसता कागद जपून ठेवलायस? इकडे माझी तब्येत ठीक, बाबांची बरी, आणि घरातल्या राऊटरची मी पार वाट लावली आहे.

झालं असं. रोज चारला तुझा व्हिडिओ कॉल यायचा आणि मधेच चित्र गोठायचं. बाबांना ऐकू येत नाही, ते तुझ्या ओठांवरूनच ओळखतात. चित्र थांबलं की बिचारे तुझ्या उघड्या तोंडाकडे बघत बसायचे. (तू नेमकी जांभईवर थांबायचीस.) म्हटलं, दोन कंपन्यांचं इंटरनेट घ्यावं, एक गेलं की दुसरं आपोआप, आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून राऊटर आपणच करावा. कुठून ही बुद्धी झाली कोण जाणे! इंटरनेटवरच्या माहितीचे रस्ते ठरवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण त्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खास बांधून हवा. त्यासाठी हजारो प्रश्न: हे हवं का, ते हवं का. पहिले दोनशे इमानेइतबारे वाचले. पुढे ज्याचं नाव ओळखीचं वाटेना त्याला 'नाही' म्हणत सुटलो. (शाळेत तोंडी परीक्षेतही मी हेच करायचो.) त्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तोही गेला. वर जागा वाचवायला जुना कर्नल पुसून टाकला! आता त्या यंत्राला सगळ्या जगाच्या वाटा ठाऊक, पण स्वतःच्या घराचं दार सापडेना.

बाबा चारला दाढी करून पडद्यासमोर बसतात, पाचला उठतात. मी शेजारी खुडबुड करत असतो. काल म्हणाले, "असू दे रे, मुद्दाम थोडंच केलंस." अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा करंटा भाऊ

ता. क. बाबांना खरं कळू देऊ नकोस. सगळं खापर माझ्या डोक्यावर आहे, ते तिथेच राहू दे.

आणखी एक. राऊटर तिसऱ्याच दिवशी सुरू झाला. ऑफिसातून ड्रायव्हर आणून कर्नल पुन्हा बांधला. त्याला एकोणीस दिवस झाले, दोन्ही जोडण्या ठणठणीत आहेत, आणि तुझा एकही कॉल आलेला नाही. मी केलेले तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबांनी कुणाकडे राहावं यावरून तुला जे बोललो ते चुकलंच माझं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी चारला बाहेर जाईन. पण कॉल कर, ताई. बाबांना सांगेन, आत्ताच दुरुस्त झाला.