मावळतीकडची भिंत

अब्बा, तुमच्या भिंतीबद्दल एक गोष्ट मला कळून कितीतरी वर्षं झाली, आणि त्या धक्क्यातून मी अजून नीट बाहेर आलेलो नाही. येरमाळ्याजवळच्या आपल्या गावात मुसलमानांची घरं मोजकी, मशीद नाही. तुम्ही निजाम सरकारच्या शाळेत मास्तर, त्यातून जुग्राफिया म्हणजे भूगोल शिकवणारे. दिशेच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा. हुरड्याच्या दिवसांत तुम्ही माळावर उभं राहून सूर्य कुठं बुडतो ते पाहिलंत, काठी रोवलीत, दोरी ताणलीत, आणि नमाजासाठी चबुतरा बांधून त्याच्या पुढ्यात कमरेइतकी दगडी भिंत घातलीत. काबा मावळतीला, भिंत मावळतीला. उन्हाळ्यात मी विचारलं, आता सूर्य भिंतीच्या पार उजवीकडं का बुडतो, तर तुम्ही माझा कान पिळलात. "सूर्य फिरतो रे, भिंत फिरती व्हय?" सगळे हसले. राज्य बदलण्याआधीच्या हिवाळ्यात तुम्ही तापानं गेलात. भिंतीशेजारीच, भिंतीची ओळ धरून, तुमची कबर खोदली. तोंड भिंतीकडं, म्हणजेच काब्याकडं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

पुढं मी मुंबईत विमानांचे रस्ते आखायला लागलो. समुद्रावर मैलाचे दगड नसतात, म्हणून उडण्याआधीच सगळा रस्ता कागदावर ठरवावा लागतो. आम्ही दोन नकाशे घेतो. एकावर पट्टी लावून ओढलेली सरळ रेघ हाच गोल पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा रस्ता असतो. त्या रेघेवरचे ठिपके रोजच्या कामाच्या नकाशावर उतरवले की तीच रेघ उत्तरेकडं वाकलेली दिसते. मग दर ठिपक्याला दिशा थोडी बदलायची, हवामानखात्यानं कळवलेला वारा हिशेबात धरायचा, आणि इंजिन बंद पडलं तर कुठवर मागं फिरायचं नि कुठून पुढं रेटायचं त्याची खूण करायची. ही खूण मध्यावर नसते, वारा तिला सरकवतो. हजच्या विमानाचा जेद्दाहचा रस्ता पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला रडू आलं. तुम्हाला जायचं होतं आणि जमलं नव्हतं.

त्याच वर्षी रजेत निव्वळ हौसेनं होकायंत्र घेऊन गावी गेलो. भिंतीपुढं उभा राहिलो, सुई पाहिली, तर भिंतीचा रोख मावळतीपासून बराच दक्षिणेला कललेला. यंत्र बिघडलं असेल म्हणून मुंबईला परतून नकाशावर पट्टी लावली. भिंतीच्या रोखानं निघालेली रेघ मक्केच्या वाटेलाही गेली नाही. मक्का उत्तरेला सोडून, समुद्र ओलांडून ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकून मावळतो, हे तुम्हीच आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं ना? मग असं कसं झालं हो, अब्बा? तुम्ही जन्मभर मक्केची आस धरलीत, आणि आता आफ्रिकेकडं तोंड करून निजला आहात. मी पुन्हा पुन्हा पट्टी लावत राहिलो. रेघ काही हलली नाही.

पुढच्या खेपेला अम्माला सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "माझ्या म्हायेरी मशिदीच्या कमानीमागं सूर्य उन्हाळ्यात बुडायचा. हितं भिंतीमागं बुडतो तो थंडीत. मी घरात चटई नीट करूनच टाकती, भिंत झाली तवापासनं."

"मग अब्बांना का न्हाय सांगितलंस?"

"मास्तराला दिशा कोण शिकवणार? लोकं तेंच्या भरवशावर हुबी ऱ्हात हुती. खुदा नियत बघतो, बाबा. जेव आता."

भाकरी तशीच ताटात राहिली. एका छपराखाली इतकी वर्षं तुमची दोघांची तोंडं दोन दिशांना होती, आणि तुम्हाला पत्ता नव्हता!

ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणं तुमच्या शेजारी जागा काढली. चाचा कुदळ घेऊन उभे. "तू इमानाला मक्केचा रस्ता दावतूस. तूच सांग, कबर कशी धरू?" खरी दिशा सांगावी तर तुमच्याशेजारी तिरकी कबर दिसणार, आणि मास्तर चुकले हे गावभर होणार. तुमची सांगावी तर जिनं जन्मभर चटई नीट केली तिला अखेरीला भलतीकडं तोंड करून निजवायचं. "अब्बांच्या ओळीत," मी म्हणालो. मग तिला ठेवायला मीच खाली उतरलो. बाईची मय्यत म्हणून वर चादर धरलेली होती. तिला उजव्या कुशीवर घेतलं आणि हळूच तिची हनुवटी डोक्याच्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडं, उचलली, नजर नकाशावरच्या मक्केच्या रेघेवर येईपर्यंत. गालाखाली, मानेमागं मातीची ढेकळं दाबली.

"एवढा येळ काय करतूस रं?" वरून चाचा ओरडले.

"ढेकूळ बसंना झालंय," मी म्हणालो.

आज इथवरचं लिहिलेला हा कागद तुमच्यापाशी बसून वाचायचा म्हणून आलो होतो. पण ती तुमच्या शेजारीच आहे. तिनं जे तुम्हाला कधी कळू दिलं नाही, ते तिच्यादेखत मी कसं वाचणार? कागद खिशात घातला. एवढ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली, चबुतऱ्यावर माणसं रांगेत उभी राहिली. मीही त्यांच्यात जाऊन तुमच्या भिंतीकडं सरळ तोंड करून उभा राहिलो. तिरकं उभं राहायची हिंमत मला झाली नाही, अब्बा.