जुन्या नाड्याची जागा

तामलवाडी,
शुक्रवार, धनत्रयोदशी

तीर्थरूप कोंडीराम मामांना,
तुमच्या भाचेसुनेचा, वर्षाराणीचा, वाकून नमस्कार.

'इकडे सर्व खुशाल' असं आधी लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं तुम्हाला वर दिसेलच, कोरा कागद घरात एवढाच होता.

तुम्ही आमचा फोन उचलत नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही उचलला नसता. पण खरं सांगायचं तर मला फोनवर बोलायचंच नाही. बोलायला लागले की मी दुसरंच काहीतरी बोलते, हे गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं आहे. अंगणवाडीतल्या पोरांना मी 'खरं सांगा, मार मिळणार नाही' म्हणते. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

शेजारचे श्रीमंत भावजी उद्या कामानं कळंबला निघालेत. त्यांच्याबरोबर हे पत्र देणार आहे. भाऊबीजेच्या आत ते तुमच्या हातात पडलं पाहिजे.

आधी तुमच्या भाच्याचं सांगते. परवा सोलापूरहून घरी आणलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधल्या बोटाला टाके आहेत. डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पण पूर्ण नाही. काल म्हशीखाली बसले होते. मी नको म्हटलं तरी बसले. एका हातानं थोडं पिळलं, आणि मग नुसतेच म्हशीच्या पोटाला डोकं लावून बसून राहिले. म्हैसही शहाणी, हलली नाही.

आता तुमच्या बहिणीचं. आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्याआधी झालं हे तुम्हाला माहीत आहेच, हिरवी झापड अजून आहे. घास जात नाही त्यांना. फराळाचं काहीच केलेलं नाही. मक्याचं म्हणाल तर उभा आहे तसा आहे. त्या दिवसापासून एक डुक्कर रानात फिरकलेलं नाही. ज्याच्यासाठी एवढं झालं ते येतच नाही, याचा मला इतका राग येतो की काल मी एकटीच बांधावर जाऊन ओरडून आले.

मामा, त्या संध्याकाळी मी तिथं होते. तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. दिवस मावळायला अजून वेळ होता. वनखात्याची परवानगी खिशात होती, यांना तेवढाच अभिमान. मी चहाची किटली घेऊन बांधापर्यंत गेले होते. मक्यातून कडाकडा आवाज आला आणि ते धूड बाहेर पडलं. यांनी बंदूक खांद्याला लावली. डावा हात पार पुढं, नळ्यांच्या मध्यापलीकडं. माझे सासरे तसाच धरायचे म्हणतात, यांनी बघून उचललेलं.

आवाज नेहमीचा नव्हता. बार उडाला की छातीत दणका बसतो, तसा नव्हताच तो. पत्रा टराटरा फाडावा तसा होता. डुक्कर तसंच निघून गेलं. हे उभे होते, बंदूक हातात होती, आणि डावीकडच्या नळीचं तोंड उलगडलेलं होतं. हे त्याच्याकडं बघत होते. मग हात वर करून हाताकडं बघितलं. "वर्षा, माझी बोटं कुठायत?" एवढंच म्हणाले, चष्मा कुठाय विचारावं तसं. मी खाली बसून ढेकळांत शोधायला लागले. खरंच शोधत होते. किटली माझ्या हातात तशीच होती, त्यातला चहासुद्धा सांडला नव्हता. आजही ती किटली मी चुलीवर ठेवू शकत नाही.

आता पुढचं. दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा यांनी शुद्धीवर येता येता सांगितलं, "मामांनी सांगितलं त्याच नळीत, बिननाड्याच्या नळीत गोळी घातली." तेवढंच लिहून घेतलं गेलं. तुम्ही फोनवर म्हणालात, "म्या उलटं सांगितलं व्हतं, त्यानं ऐकलं न्हाय." आत्या मध्ये. एकीकडं पोटचा मुलगा, एकीकडं पाठचा भाऊ. आणि त्यांनी तुम्हाला काय काय ऐकवलं ते मी तिथंच उभी राहून ऐकलं. "बत्तीस वर्सं पोलिसात बंदुका नीट केल्यास, आन् माज्या लेकराच्या टायमाला तुज्या डोळ्यावर काय आलं व्हतं? ह्या भाऊबीजंला माज्या दारात येऊ नगंस." फोन आत्यांनीच ठेवला.

तुम्ही काय सांगितलं होतं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. दसऱ्यानंतरचा रविवार होता. फोन स्पीकरवर होता, मी मेथी निवडत होते. हे म्हणाले, छर्ऱ्यानं डुक्कर नुसतं जखमी होतं आणि उलटून अंगावर येतं, म्हणून या वेळी एकगोळीची काडतुसं आणायचीत. त्यावर तुम्ही म्हणालात,

"आन, पर ध्यान दिऊन ऐक. तुज्या दुनळीच्या दोन्ही नळ्या भाईरून सारख्या दिसत्यात, आतून न्हाईत. एक शेवटपतुर सरळ हाय. दुसरी तोंडाला आवळलेली हाय, तिला चोक म्हनत्यात. छर्रा लांबपतुर एकजागी जावा म्हनून तसं करत्यात. छर्रा बारीक अस्तोय, दाबून निघून जातोय. अख्खी शिश्याची गोळी कुठं दबनार? सरळ नळीतच गोळी घालायची. आजकाल धारा पाडलेल्या गोळ्या मिळत्यात, त्या चोकमदनं जात्यात म्हनं, पर तुजी बंदूक तुज्या बापाच्या आदीची हाय. तिच्यावर परयोग नगं."

हे म्हणाले, "डावी का उजवी ते सांगा की."

"डावी-उजवी म्या बोलतच न्हाय. तोंडाकडनं बघनाऱ्याची डावी येगळी, दस्त्याकडनं बघनाऱ्याची येगळी. म्हनून तर तुज्या बापाला नाडा बांधाय लावला व्हता. दोन नळ्यांचं दोन घोडं, त्यातल्या ज्या घोड्याला लाल नाडा हाय, त्याच्या नळीत कदी गोळी जायाची न्हाय. बिननाड्याच्या नळीत गोळी. तरीबी येक सुटी गोळी पाठवतो, नळीच्या तोंडाला लावून बघ. सरळीत आत उतरंल, चोकच्या तोंडावर बसून ऱ्हाईल."

सुटी गोळी तुम्ही पाठवलीत. हे हसले, "नाडा असताना गोळी लावून कशाला बघायची? मामा म्हातारे झाले." आणि ती देवळीत ठेवून दिली. बिननाड्याच्या नळीत गोळी घातली, नाड्याच्या नळीत छर्रा. तुम्ही सांगितलं तसंच केलं, मामा. तुम्ही खरं बोलत होता आणि तुमचा भाचाही खरं बोलत होता.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भांडी घासली, जनावरांना पाणी दाखवलं, अंगण दुसऱ्यांदा झाडलं. आता झाडायला काही राहिलं नाही.

खंडेनवमीला पूजा मी केली. आत्यांच्या डोळ्याला धूर चालत नव्हता, म्हणून त्या आत पडून होत्या. विळा, कुऱ्हाड, कोयते, पाटावर मांडले. बंदूक मधोमध. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आत्या आतून ओरडून सांगत होत्या, "घोड्याचा जुना नाडा सोड, नवा बांध, जितं जुना व्हता तितंच." मी जुना सोडला. तेलानं, धुरानं तो काळा पडला होता. आणि मग मला वाटलं, हा डावीकडं का? देवाधर्माचं सगळं उजव्या हातानं, ओवाळायचं उजवीकडून, प्रसाद उजव्या हातात. आणि एवढी मोठी वस्तू, तिचा नाडा डाव्या अंगाला! मागच्या वर्षीच कुणीतरी घाईत चुकलं असणार. मला नीटनेटकेपणाची खोड आहे, तुम्हीच मला शिस्तबाई म्हणता. मी नवा नाडा उजव्या घोड्याला बांधला. चांगली सुरगाठ मारली. फार छान दिसतंय असंही वाटलं.

मला तो फक्त पूजेचा नाडा वाटला हो. दुसरं काही वाटलंच नाही. तो फोन आला तेव्हाही मेथी निवडत ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ज्या नाड्याबद्दल तुम्ही बोलत होता तो मी आठच दिवसांपूर्वी हातानं हलवला होता, आणि मी देठं मोडत बसले होते. दवाखान्यात यांनी पोलिसांना 'बिननाड्याच्या नळीत' असं म्हटलं, तेव्हा मला कळलं. कानांत एकदम शीळ वाजायला लागली. हवालदाराचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. नर्सनं मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं, नवऱ्याचं बघून चक्कर आली म्हणून.

थोडा राग तुमच्यावरही आहे, तो लिहूनच टाकते. तुम्ही आणि माझ्या सासऱ्यांनी मिळून नाडा ठरवला, आणि तो बांधायचं काम बायकांवर टाकलं. आत्यांनी किती वर्षं बांधला! कशासाठी ते एकदाही कुणी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं. पण हा राग मी पुढं करून त्याच्यामागं लपणार नाही, कारण अजून एक गोष्ट राहिली आहे आणि तिचा दोष दुसऱ्या कुणाचाच नाही.

तुम्हाला फोन करायच्या आधी आत्यांनी मला विचारलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात. यांनी पोलिसांना सांगितलेलं 'बिननाड्याच्या नळीत' त्यांनीही ऐकलं होतं. माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "बाई, खरं सांग. नाडा जितं जुना व्हता तितंच बांधलास नव्हं?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. एका डोळ्यावर झापड, दुसऱ्यात पाणी. माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिथंच जिन्यात तुम्हाला फोन लावला. पुढचं तुम्ही ऐकलंय.

नाडा हलवला ती चूक झाली. 'हो' ही चूक नव्हती, मामा. मला तेव्हा सगळं माहीत होतं. मला भीती वाटली, की यांच्या बोटांपायी हे घर मला दारात उभं करणार नाही. आणि तुम्ही लांब कळंबला होता, तुमच्यावर गेलं तर जाऊ दे असं वाटलं. असं स्पष्ट शब्दांत वाटलं नसेल, पण वाटलं. आठ दिवस तुमच्या नावाला जे चिकटलंय ते माझं आहे.

आज दुपारी हे पत्र इथपर्यंत लिहून मी आत्यांना आणि यांना समोर बसवलं आणि वाचून दाखवलं. आधी तोंडानं सांगणार होते, पण मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही. कागदावर होतं तसं वाचलं, काही गाळलं नाही.

हे उठले, देवळीतली ती सुटी गोळी घेतली आणि उजव्या मुठीत धरून बसले. "मी एकदा नळीच्या तोंडाला लावून बघितली असती तर?" म्हणाले. "मामांनी पाठवली होती की." माझ्याकडं बघितलं नाही, पण उठूनही गेले नाहीत. दिवाळी झाली की पोलीस पुन्हा जबाब घ्यायला येणार आहेत. तेव्हा आम्ही दोघं सांगणार आहोत, आपापलं. तुमचं नाव त्या कागदावरून काढायला लावल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

मला वाटलं होतं आत्या शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "ह्यो कागद कवा जानार हाय?" मी म्हटलं, उद्या सकाळी. तर म्हणाल्या, "आदी त्यो त्येला पोचू दे. तवर माज्याशी बोलू नगंस."

मग भिंतीला धरत धरत न्हाणीत गेल्या. मी मागं गेले तर हात झटकला. तुमचा भाऊबीजेचा पाट काढला, चिंच लावून त्याच्या पितळी फुल्या घासल्या, आणि अंगणात नेऊन ठेवला. आत्ता मी दारात बसून लिहितेय आणि तो समोर वाळतोय. कोंबड्या बसू नयेत म्हणून आत्या त्याच्या शेजारी काठी घेऊन बसल्यात.

मला माफ करा असं लिहीत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बुधवारी पाट रिकामा ठेवू नका. माझ्या हातचं पाणी घ्यायचं नसेल तर घेऊ नका, आत्यांच्या हातचं घ्या. आणि आलात की एकदा सगळ्यांच्या देखत, माझ्याही देखत, सरळ नळी कोणती आणि आवळलेली कोणती ते पहिल्यापासून सांगा. आत्यांना आधी सांगा.

तुमच्यावर आळ घालून गप्प बसलेली,
वर्षाराणी