ओझ्याचा धोंडा

भिवंडी,
१२ नोव्हेंबर २००७

प्रिय केसरीनाथ,

काल भाऊबीजेच्या ताटापाशी जे बोलणे अर्धवट राहिले, त्यातील वस्तुस्थिती आधी क्रमाने मांडते. पहिली गोष्ट, पूर्ण्याची आपली खाडीलगतची जमीन तू गोदामासाठी देणार आहेस. दुसरी, तिच्याभोवतीची भिंत आखून झाली आहे. तिसरी, मी सहा वर्षे बांधत असलेली पायवाट, खारबाव आणि अंबाडी करत घाटमाथ्यापर्यंत जाणारी, याच जमिनीतून सुरू होते. चौथी, त्या सुरुवातीला उभा असलेला धोंडा तुझ्या नकाशात 'अडथळा' म्हणून दाखवला आहे. यातले काहीही तुला नाकारता येणार नाही.

"ताई, तुजी वाट खारबाव स्टेशनापासून चालू कर ना, लोकांना बरा पडंल," असे तू म्हणालास आणि सगळे हसले. तुला गोदामांतले कळते, वाटेतले कळत नाही. आई या धोंड्यापासून मीठ आणि सुकट डोक्यावर घेऊन निघे आणि आतल्या गावांतून त्याबदली भात घेऊन परते. धोंडा छातीइतका उंच, माथ्यावर सपाट. एकट्या बाईला कुणाच्या मदतीवाचून पाटी उतरवता यावी आणि पुन्हा डोक्यावर घेता यावी म्हणून रोवलेला. पुढची सगळी वाट मी अशाच धोंड्यांच्या खुणेने शोधली. एक गोठ्याच्या भिंतीत सापडला, अंबाडीच्या अलीकडे एकावर दूधवाला आपले कॅन ठेवत होता. या वाटेवरच्या माझ्या पुस्तकाचे पहिले प्रकरण पूर्ण्याचे आहे आणि ते पूर्ण्याचेच राहील. स्टेशनावर ओझी उतरवायला हमाल असतात.

घरात या कामाला 'ताईचा छंद' म्हणतात. भर आषाढात मी उतारावर उभी राहते, पाणी कुठून धावते ते पाहते आणि मग वाटेत दगड तिरके बसवते, म्हणजे पाणी वाट न खाता बाजूला पडते. मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी ते सरळ बसवले, तर उपटून पुन्हा बसवायला लावते. ती मला मागून खडूस म्हणतात. म्हणोत. माझे एकही वळण अजून वाहून गेलेले नाही. तुझ्या गोदामांसमोरचा रस्ता दरवर्षी जातो.

गेल्या आठवड्यात जेसीबीवाला धोंड्यापाशी आला, तेव्हा तू तिथे नव्हतास, मी होते. आई धोंड्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "पयला माजा वजा उतरव, मंग धोंडा काढ." तो बिचारा "अम्मा, कौनसा बोझा?" विचारत राहिला. आई हलली नाही. शेवटी तो मशीन बंद करून चहाला गेला. हे तुला कुणी सांगितले नसणार, म्हणून सांगते.

आता मुख्य मुद्दा. काल तुझ्या मुलाच्या, दीपेशच्या हाती तू दिलेला हक्कसोडीचा कागद सोबत परत करते आहे. त्यावर माझी सही नाही. भाऊबीजेची साडी घ्यायची आणि हिश्श्यावर सही करून द्यायची, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. साडी ठेवून घेतली, रंग चांगला आहे. सही केली नाही तर माहेर बंद होईल, असे तू मुलाच्या तोंडून सुचवलेस. पण भिंत तू घालतो आहेस, मी नाही. हिस्सा मला आजही नको. धोंडा जागेवर राहील आणि त्याच्यासमोर, डोक्यावर पाटी घेतलेली बाई अंग न चोरता जाईल एवढी वाट भिंतीत कायमची मोकळी राहील, असे दस्तात नोंदव. त्याच दिवशी सही करीन, त्याआधी नाही. फोन करू नकोस. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. मान्य की अमान्य, ते मला लेखी हवे, तुझ्या हस्ताक्षरात.

तुझीच ताई,
तुळजा