माझ्यासमोर चढणारं बीपी

आई,

जपानमधल्या उरायासूच्या त्या दोन खोल्यांत तू तीन महिने राहिलीस आणि त्यातल्या एकाही सकाळी मी तुला धड चहा पिऊ दिला नाही. मला सव्वाआठची गाडी गाठायची असायची. तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचीस, मी तुझ्या दंडाला बीपीच्या यंत्राचा पट्टा आवळायचे आणि वर दम द्यायचे, "बोलू नकोस. हलू नकोस. काल लोणचं खाल्लंस ना?" तू बिचारी मान हलवायचीस, तर त्यावरही मी ओरडायचे. यंत्रावरचा चढलेला आकडा मी वहीत उतरवून घ्यायचे. बाबा बीपीनेच गेले होते. आता तूही जाणार, या भीतीने मी वेडीपिशी झाले होते गं.

त्यातून माझं कामच ते. तीन-तीन औषधं घेऊनही ज्यांचं बीपी उतरत नाही, त्यांच्यापैकी कुणाला कुठली गोळी लागू पडेल हे आधीच ओळखता येईल का, यावर मी तिथल्या विद्यापीठात डोकं फोडत होते. रक्त तपासायचं, लघवीतलं मीठ मोजायचं, आकड्यांचे कागद घरीही आणायचे. आणि घरात माझी आई, जिला एकही गोळी लागू पडत नाही! दवाखान्यात सेन्सेईंसमोर, म्हणजे तिथल्या डॉक्टरांसमोर बसलीस की तुला घाम फुटायचा, आणि त्यांनी मोजलेला आकडाही वरच यायचा. "घरी किती येतं?" ते विचारायचे. मी माझी वही पुढे करायचे. पुण्याहून तू एक गोळी घेऊन आली होतीस, तिच्या जोडीला दुसरी आली, मग तिसरी, मग चौथी. तुझा व्हिसा संपत आला होता आणि मला तुला तशीच परत पाठवायची नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या जपानी आजींना तू 'बाईसान' म्हणायचीस. मी कामावर गेले की दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचीस. ना तुला जपानी, ना त्यांना मराठी, तरी दोघी तासन् तास खिदळायचात. त्यांच्याकडेही यंत्र होतं. आधी स्वतःचं मोजायच्या, मग तुझं, आणि दोन्ही आकडे आपल्या वहीत लिहायच्या. एकदा जेवताना तू हळूच म्हणालीस, "अगं, बाईसानकडे माझं चांगलं येतं. आणि हल्ली उठलं की गरगरतं मला." मी काय म्हटलं, आठवतं? "त्यांचं मशीन बिघडलं असेल. यात शिकलंय कोण, त्या का मी?" तू भात कालवत राहिलीस.

चौथी गोळी सुरू होऊन आठवडा झाला असेल. बाथरूममधून बाहेर येताना तू कोसळलीस, डोकं पायरीवर आपटलं आणि तू परत डोळे उघडलेच नाहीस. त्यानंतर बाईसान वर आल्या, कमरेत वाकल्या आणि ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. एका रांगेत त्यांचे आकडे, दुसरीत तुझे. तुझे पहिल्या दिवसापासून चांगले होते, शेवटी शेवटी तर फारच खाली. मी त्यांचं यंत्र मागून घेतलं, प्रयोगशाळेत नेऊन ताडून पाहिलं. देवा, हे बिघडलेलं निघू दे, असं घोकत होते. ते अगदी बरोबर होतं. तुझं बीपी चढायचं ते फक्त सेन्सेईंसमोर आणि माझ्यासमोर. तुला ती एक गोळी पुरेशी होती.

स्टेशनजवळच्या हिरव्या सार्वजनिक फोनमध्ये कार्ड सरकवून मी दादाला पुण्यात सांगितलं, "औषधं लागू पडली नाहीत रे." तो म्हणाला, "तू होतीस म्हणून निदान सगळे उपाय तरी झाले." आजही तो चारचौघांत हेच सांगतो आणि मी मान खाली घालून ऐकते. हे सगळं त्याला लिहायला बसले की कागद तुझ्याच नावाने सुरू होतो, आणि तुला कुठे पाठवू?

दादाला कधीतरी वहीचं सांगेनही. पण एक गोष्ट त्यालाही सांगवणार नाही. तू मला घाबरत होतीस, हे मला तेव्हाही दिसत होतं. सबंध लहानपण मी तुझ्या धाकात काढलं होतं, आणि आता तू माझ्या धाकात आहेस, हे मला आवडत होतं, आई.